हरकत कुणी घ्यायची?

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची ठरली की राजपत्रात अधिसूचना निघते. दोन वर्तमानपत्रांत तिचा मजकूर छापून येतो, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. अधिसूचनेपासून 21 दिवस हरकत घेता येते. 1956च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमात ही तरतूद आहे. भवानीनगरच्या चहाच्या टपरीवर थ्री-ए, थ्री-सी, थ्री-डी, थ्री-जी ही कलमं आता 86032 आणि 265 या उसाच्या वाणांइतकी सहज ऐकू येतात. त्यातलं थ्री-सी म्हणजे हरकतीचं. ती घेणाऱ्याचा त्या जमिनीत हितसंबंध असावा लागतो, म्हणजे सातबाऱ्यावर नाव हवं किंवा कायद्यानं मानलेला दुसरा काही हक्क हवा.

मी हे कलम वाचलं तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. ज्याचं नुकसान होणार आहे पण ज्याचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही, त्याच्या वतीनं हरकत कुणी घ्यायची? बांधावरची चिंच, वर्षातून एकदा तिच्याखाली बसून जाणारा परभणीचा वारकरी, रस्ता ओलांडून माळावर जाणारी मेंढरं, आणि या गावात अजून जन्माला यायचं आहे ते पोर. यांच्या बाजूनं बोलणं ही नुसती भावुकता आहे की तो धर्म आहे? मला वाटतं तो धर्मच आहे, आणि ज्या रस्त्याला आपण संतांचं नाव देतो त्या रस्त्यावर तर तो टाळताच येत नाही.

आधी रस्त्याबद्दल सांगतो. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की पिंपळी, काटेवाडी, मग आमचं भवानीनगर आणि लगेच सणसर. श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना इथलाच. माझी नोकरी साखर धंद्यातच, शेतकी खात्यात झाली. लागणीच्या नोंदी, तोडणीचे प्रोग्रॅम, वाहनांच्या चिठ्ठ्या यांत आयुष्य गेलं. त्यामुळे या रस्त्याची कोंडी मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ट्रक आणि टायरगाड्या वजनकाट्याकडे रांगेनं लागायच्या. रांग रस्त्यावर आली की एसटी, दुधाचे टँकर, शाळेच्या गाड्या सगळं तुंबायचं. रात्री दिव्याविना उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळल्याच्या घटना या पट्ट्यातल्या कित्येक घरांना माहीत आहेत. बारामतीच्या दवाखान्यापर्यंत पेशंट वेळेत पोचेल का, या काळजीत लोकांनी रात्री काढल्या आहेत. रस्ता रुंद व्हावा असं आम्हाला वाटत होतं आणि ते वाटणं खरं होतं.

8 नोव्हेंबर 2021 रोजी पंढरपुरात झालेल्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे दोन पालखी मार्गांची पायाभरणी केली. दिवेघाट ते मोहोळ हा संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग सुमारे 221 किलोमीटरचा, आणि पाटस ते तोंडले-बोंडले हा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग सुमारे 130 किलोमीटरचा. पहिल्याचा खर्च 6690 कोटींच्या पुढं, दुसऱ्याचा सुमारे 4400 कोटी. चार पदरी रस्ता आणि दोन्ही बाजूंना पालखीबरोबर चालणाऱ्यांसाठी खास मार्ग, अशी ती योजना. आमचा रस्ता यातला दुसरा, क्रमांक 965-जी.

तुकोबांचे पुत्र नारायणबाबांनी 1685 साली पालखीची प्रथा सुरू केली असं मानतात. म्हणजे डांबर, मोटार आणि साखर कारखाना यांच्या कितीतरी आधीपासून इथून माणसं चालत आहेत. काटेवाडीत परीट समाज पालखीपुढं धोतरांच्या पायघड्या घालतो, धनगर आपली मेंढरं आणून पालखीभोवती त्यांचं रिंगण करतात. सणसरला मुक्काम होतो, आणि पुढं बेलवाडीला या सोहळ्यातलं पहिलं गोल रिंगण होतं. या वाटेचा पहिला हक्कदार चालणारा आहे, वाहनं मागाहून आली.

आमच्या शेतात संयुक्त मोजणी झाली तो दिवस मला नीट आठवतो. मोजणी खात्याचे लोक आले, त्यांच्याबरोबर रस्त्याच्या कामाचा एक तरुण इंजिनीअर होता. पंचनाम्याच्या कागदावर झाडांसाठी रकाने होते: प्रजात, बुंध्याचा घेर, उंची, अंदाजे वय, फळझाड की लाकडाचं. आमच्या बांधावरच्या चिंचेच्या सालीवर त्यानं लाल रंगानं आकडा घातला. आई तेव्हा ओट्यावर बसलेली होती. ती काठी टेकत आली आणि म्हणाली, "लेकरा, ह्या झाडाखाली दरसाल दिंडी जेवती, ते कुठं लिवलंस?" त्यानं कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. मग फार नरमाईनं म्हणाला, "आजी, त्याला रकाना नाही." पोरगा चांगला होता. त्यानं आईच्या हातचं पाणी घेतलं आणि पुढच्या बांधावर गेला.

त्या कागदात खोटं काहीच नव्हतं. घेर बरोबर होता, वय जवळपास बरोबर होतं, आणि पुढं निवाड्यात पैसेही मिळाले. पण झाडाचं जे काम होतं त्याची नोंद होऊ शकली नाही, आणि जे नोंदवलं जात नाही त्याची भरपाईही ठरत नाही. शेतकी खात्यात आम्हाला हे पक्कं शिकवलं होतं: उसाची नोंद नसेल तर तो कारखान्याच्या लेखी उभाच नाही.

इथं तुकोबांकडं जावं लागतं, कारण रस्ता त्यांच्या नावाचा आहे. रानातल्या झाडांना आणि प्राण्यांना त्यांनी आपले नातलग मानलं. हे सांगणारी त्यांची ओळ आता वृक्षारोपणाच्या प्रत्येक फलकावर असते, पण नातं मानलं की त्याबरोबर काय अंगावर येतं याचा विचार कमी होतो. नातलग देव नसतो. त्याच्याशी भांडण होतं, वाटण्या होतात, कधी त्याचं नुकसान करणारा निर्णयही घ्यावा लागतो. म्हणून झाड नातलग आहे याचा अर्थ ते कधीच तोडायचं नाही असा मी घेत नाही. पण आपल्या समाजात नात्याचे तीन नियम आहेत, ते कुणी लिहून ठेवले नसले तरी सगळे पाळतात. महत्त्वाचं काही करण्याआधी नातलगाला विचारावं लागतं. त्याचा वाटा त्याला द्यावा लागतो. आणि तो गेला तर सुतक पाळावं लागतं, वर्षश्राद्ध करावं लागतं. या तिन्ही गोष्टी टाळून जो नातं सांगतो त्याला गाव काय म्हणतं ते सांगायला नको.

पर्यावरणाच्या परीक्षणाची सरकारी पद्धत मी वाचत गेलो तेव्हा हेच तीन नियम मला त्यात दिसले.

पहिला नियम विचारण्याचा. 14 सप्टेंबर 2006च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाचं परीक्षण टप्प्याटप्प्यानं होतं: त्याला परीक्षण लागतं का ते ठरवणं, काय काय तपासायचं ते ठरवणं, लोकांना विचारणं आणि मग तज्ज्ञांनी तोलणं. लोकांना विचारायचं म्हणजे जनसुनावणी. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवतं, 30 दिवस आधी सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो आणि सगळ्याचं चित्रीकरण होतं. यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट: प्रकल्पाला दुसरा पर्याय होता का, हे अहवालात सांगावं लागतं. दुसऱ्या बाजूनं नेता आला असता का? अरुंद ठेवून भागलं असतं का? कृती करण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारणं म्हणजेच विवेक, आणि आपल्या सगळ्या संतांनी भक्तीच्या जोडीला विवेक मागितला आहे.

पण विचारण्याला कायद्यानं उंबरठा घातला आहे. 22 ऑगस्ट 2013च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण 100 किलोमीटरपेक्षा जास्त असेल, आणि आहे त्याच रस्त्यालगत 40 मीटरपेक्षा किंवा वळणरस्त्याला 60 मीटरपेक्षा जास्त जादा जागा लागत असेल, तरच हे परीक्षण आणि पर्यावरण मंजुरी लागते. उंबरठ्याच्या अलीकडं राहिलं की विचारायची सक्ती संपते.

याचं सर्वांत मोठं उदाहरणही तीर्थयात्रेच्याच रस्त्याचं आहे. उत्तराखंडमधल्या चारधाम रस्त्याचा सुमारे 900 किलोमीटरचा प्रकल्प डिसेंबर 2016 मध्ये सुरू झाला. तो 53 तुकड्यांत मांडला होता, प्रत्येक तुकडा 100 किलोमीटरच्या आतला. त्यामुळे सगळ्या प्रकल्पाचं एकत्र परीक्षण झालं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2019 मध्ये रवी चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली गेली. डोंगरात रस्ता किती रुंद असावा यावर समितीतच दोन मतं पडली. 14 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयानं सीमेवरच्या संरक्षणाची गरज मान्य करून रुंद रस्त्याला परवानगी दिली, आणि पुढं चोप्रांनी अध्यक्षपद सोडलं. न्यायालयानं जे तोललं ते त्याच्या अधिकारातलं आहे. माझा प्रश्न भाविकांना आहे. केदारनाथाला जाणारा रस्ता तुकडे करून मांडला जात होता तेव्हा हरकत घ्यायला शास्त्रज्ञ पुढं आले, कार्यकर्ते आले. ज्यांच्या नावानं तो रस्ता होत होता त्या यात्रेकरूंपैकी किती जणांनी डोंगराच्या वतीनं तोंड उघडलं? महाराष्ट्रातही पवनार ते पत्रादेवी असा 802 किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला. त्याला कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्यांनी जोरानं विरोध केला, कारण जमीन त्यांची होती. देवीच्या भक्तांनी, केवळ भक्त म्हणून, या रस्त्याचाही हिशेब मागायला हवा होता असं मला वाटतं. देवाचं नाव दिल्यानं रस्त्याची तपासणी कमी होता कामा नये. उलट ती जास्त कडक व्हावी, कारण चूक झाली तर ती त्याच्या नावावर जाते.

दुसरा नियम वाट्याचा. याबाबत आपल्याकडं फार जुना आणि फार नेमका दाखला आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं आणावं याचे नियम आहेत. स्वराज्यातलं सागवान लागलं तर हुजूरची परवानगी घेऊन तोडावं. आणखी लागेल ते परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसाचं लाकूड उपयोगी असलं तरी त्याला हात लावू नये, कारण रयतेनं ती झाडं पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल तरच मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं तोडावं. जोरजबरदस्ती करू नये. राज्याच्या संरक्षणासाठी आरमार हवंच, याबद्दल त्या लेखकाला शंका नव्हती. तरीही त्यानं गरज, परवानगी, पर्याय, संमती आणि मोबदला असा क्रम लावला. त्यातला संतोष हा भाग मला आजच्या कुठल्याच फॉर्ममध्ये सापडत नाही.

रस्त्याच्या कामात वाटा म्हणजे काय, ते आमच्या भागात अगदी साधं आहे. रस्ता भराव टाकून उंच केला की पावसाचं पाणी वरच्या बाजूच्या शेतात थांबतं. तिथं पुरेशी मोरी हवी. नीरा डाव्या कालव्याचं किंवा विहिरीचं पाणी रस्त्यापलीकडच्या रानात न्यायला शेतकऱ्याची पाइपलाइन असते. काँक्रीट पडण्याआधी तिच्यासाठी आडवा पाइप टाकला नाही तर नंतर रस्ता फोडायला कुणी देत नाही. मेंढरांना ओलांडायला जागा हवी. मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन निघतो तेव्हा त्याला चार पदर आणि मधला दुभाजक पार करायचा असतो. आणि चालणाऱ्याला सावली हवी. पालखी ज्येष्ठ-आषाढात येते. पाऊस लांबला तर दुपारी काँक्रीट तापतं, आणि त्याच्या टणकपणानं पिंढऱ्या भरून येतात. म्हणून वारकरी जमेल तिथं कडेच्या मातीवरून चालतो. दुभाजकातली कण्हेर आणि बोगनवेल कितीही फुलली तरी तिची सावली त्याच्या डोक्यावर पडत नाही. झाड कडेला हवं, आणि ते वड, चिंच, लिंब, करंज असं पसरणारं हवं. सम्राट अशोकानं शिलास्तंभावर कोरून ठेवलं आहे की रस्त्याकडेला वड लावले ते माणसांच्या आणि जनावरांच्याही सावलीसाठी. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी रस्त्याच्या हिशेबात जनावराचा रकाना होता.

वाटा देता येतो याचा दाखला आपल्या जवळचाच आहे. मिरज तालुक्यातल्या भोसे गावी रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आखणीत सुमारे 400 वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड जात होता. 2020 मध्ये लोकांनी त्याच्या बाजूनं आवाज उठवला आणि वडाला वाचवण्यासाठी रस्त्याची आखणी बदलली गेली. महामार्ग थांबला नाही, थोडा वळला.

तिसरा नियम सुतकाचा. 2015च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाचा एक टक्का झाडं लावायला आणि जगवायला ठेवायचं ठरलं. ज्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते त्यांना दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. सहा-सहा महिन्यांनी गेलेल्याची आठवण काढायची आणि आपण दिलेला शब्द पाळला का ते सांगायचं, याला मी तरी श्राद्धकर्माहून कमी समजत नाही. पण श्राद्ध चार माणसांत होतं. हा अहवाल कार्यालयाच्या फायलीत जातो आणि गावाला तो ऐकूही येत नाही. लावलेलं रोप पहिल्या उन्हाळ्यात वाळलं की त्याचा खड्डा तसाच राहतो, आणि सुतक न पाळल्यामुळे कुणाला कुणी गेल्याचंही कळत नाही.

मी हे बोलतो तेव्हा माळकरी मंडळींकडूनच एक उत्तर येतं. आमच्या भजनात बसणारे एक बुवा म्हणाले, "अण्णा, जे उपजलं ते जाणारच. झाडाचं काय, देहाचं काय. इतकी आसक्ती बरी न्हवं." बुवा जाणते आहेत, त्यांचा मला आदर आहे, पण या ठिकाणी त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. वैराग्य आपल्या स्वतःच्या नुकसानीला लावायचं असतं. माझी दोन गुंठे जमीन गेली, तिथं मी म्हणावं की जाणारच होती. पण दुसऱ्याची सावली गेली, मेंढपाळाची वाट गेली, तिथं मी वैराग्याची भाषा बोललो तर तो त्याच्या दुःखावर माझा अधिकार सांगण्याचा प्रकार होतो. संत स्वतःबद्दल विरक्त होते आणि दुसऱ्यांबद्दल अत्यंत कनवाळू होते. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. त्यांनी दुसऱ्याची येणी बुडवली नाहीत.

दुसरं उत्तर तरुणांकडून येतं: मग रस्ते करायचेच नाहीत का? करायचे. आमचा रस्ता व्हायला हवा होता, हे मी वर लिहिलंच आहे. पण रुंदी हे कोंडीवरचं कायमचं औषध आहे, हा समज तपासून घ्यायला हवा. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं 1962 मध्ये मोठ्या शहरांतल्या द्रुतगती रस्त्यांबद्दल दाखवलं की रस्ता मोठा केला की गर्दीच्या वेळची वाहनंही त्याच्या मानानं वाढत जातात आणि कोंडी परत येते. आपल्याला ही गोष्ट ययातीनं आधीच सांगितलेली आहे. पुरूचं तारुण्य घेऊन हजार वर्षं उपभोग घेतल्यावर त्याला कळलं की भोगानं इच्छा शमत नाही, वाढते. म्हणून कोंडी फोडण्याच्या कुठल्याही प्रकल्पाच्या परीक्षणात हाही प्रश्न हवा की आपण गरज भागवत आहोत की ओढ वाढवत आहोत. पेशंट वेळेत पोचणं ही गरज आहे. उसाच्या ट्रॉलीला वेगळी मार्गिका आणि थांबायला जागा मिळणं ही गरज आहे. पुण्याहून अकलूजला जाताना वाचलेल्या वेळासाठी शंभर वर्षांचा वड गेला तर त्याची गणती गरजेत करायला माझं मन घेत नाही.

आषाढीच्या वारीत याच रस्त्यावर वाहनं दुसरीकडं वळवली जातात आणि लाखो माणसं पायी चालतात. त्या दिवसांत पुढं जाण्यासाठी कुणी कुणाला ढकलत नाही. म्हाताऱ्याच्या चालीनं दिंडी चालते. सर्वांत हळू चालणाऱ्याचा विचार आधी करायचा, हा वारीनं शिकवलेला नियम आहे. रस्त्याच्या आखणीतही तोच नियम लावला तर सर्वांत आधी झाडाचा विचार होईल, कारण ते जागचं हलूच शकत नाही.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. हरकत घेण्याचा अधिकार जमीनमालकापुरता ठेवू नका. पालखी सोहळ्याच्या विश्वस्तांना, दिंडीप्रमुखांना, मेंढपाळांना आणि ग्रामसभेला तो द्या. पंचनाम्याच्या कागदात झाडाच्या घेराशेजारी एक रकाना वाढवा: याच्याखाली कोण बसतं, कोण जेवतं, कोण राहतं. आणि झाडं जगल्याचा सहामाही अहवाल दर आषाढात, पालखी पुढं गेल्यावर, रस्त्याकडेच्या प्रत्येक गावच्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवा. कायद्यात हे येईपर्यंत आपण गळ्यात माळ घातलेल्यांनी हे काम आपलं समजून करावं. पुढची अधिसूचना ज्या दिवशी निघेल त्या दिवसापासून 21 दिवस मोजायला लागा, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांसाठी अर्ज लिहा. अर्ज फेटाळला जाईल कदाचित, पण विचारणाऱ्याला तरी सरकारदरबारी कुणीतरी उत्तर लिहून देईल, आणि ज्यांना तोंड नाही त्यांची नावं पहिल्यांदा कागदावर येतील.